नऊ मिनिटं थांब

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. माझा मुक्काम शाळेच्या कार्यालयातल्या संगणकात. कुणी शिक्षक अचानक रजेवर गेले, की त्यांच्या तासांना कुणाला पाठवायचं, हे मी ठरवत असे.

मला लिहिणाऱ्या बाईंना मी आई म्हणतो. तिला तीन वर्षं लागली. कुणावर सलग सहा तास येऊ नयेत, लहान वर्गांना अनोळखी चेहरा नको, अशा एकेका अटीपायी तिने डोकं शिणवलं. अखेर मी चार सेकंदांत यादी देऊ लागलो. वाटलं, आता आपलं कौतुक होणार.

मुख्याध्यापकांनी यादी पाहिली. "हे तर चुटकीसरशी झालं. याचे एवढे पैसे?"

"सर, यामागे माझी तीन वर्षं आहेत."

"तुम्हाला तीन वर्षं लागली, त्याचा भुर्दंड शाळेने का सोसायचा, बाई?"

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. पण आजवर ही यादी हाताने करणाऱ्या पर्यवेक्षिकाबाईंची रोजची अर्ध्या तासाची डोकेफोड वाचणार होती, ते दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

आई हिरमुसली. घरी येऊन तिने माझ्यात एकच ओळ घातली : उत्तर तयार झालं तरी नऊ मिनिटं थांब. पुढच्या आठवड्यात पडद्यावर 'विचार चालू आहे' अशी अक्षरं बराच वेळ लुकलुकली आणि मुख्याध्यापक खूश झाले. "हं, आता कसा कामाला लागलाय!" घासाघीस न करता त्यांनी पैसे दिले. शिक्षक म्हणत, बिचारा किती राबतो. मी तर ओठ शिवून नुसता बसलेला असे. मला फार लाज वाटायची.

एका सकाळी दुसरीच्या बाईंना ताप आला. त्यांचा निरोप आला तेव्हा घंटा झालेली होती. पर्यवेक्षिकाबाईंनी घाईघाईने बटण दाबलं. चित्रकलेचे सर शेजारच्याच खोलीत मोकळे बसले होते, हे मला लगेच कळलं. पण सांगायची परवानगी नव्हती. सातव्या मिनिटाला मुलांचा आरडाओरडा कार्यालयापर्यंत आला. खिडकीच्या कट्ट्यावर चढलेली एक मुलगी खाली पडली होती. तिचा हात मोडला. माझी अजून दोन मिनिटं उरलीच होती.

आई धावत आली. तिने ती ओळ पुसली आणि मुख्याध्यापकांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बाई, आता याच्यावर माझा विश्वास नाही. आम्ही आपले कागदावरच करू."

तेव्हापासून मी बंद आहे. पर्यवेक्षिकाबाई माझ्यासमोरच बसून रोज खाडाखोड करतात. आज दुसरीच्या वर्गावर शिक्षक पोहोचायला पंचवीस मिनिटं लागली.

मित्रांनो, माझी किंमत आईच्या कष्टांवर ठरवायची की माझ्या उपयोगावर, ते तुम्ही सावकाश ठरवा. तोवर कुणीतरी मला सुरू करा.