श्रीची ओळ

पुण्याची मुलगी हॅम्बर्गला जाऊन बल्गेरियन भाषेतल्या ‘जरी’वर डॉक्टरेट करते आहे, हे ऐकून नातेवाइकांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग विषय बदलला. ईप्सिताला त्याचं सोयरसुतक नव्हतं. जुन्या बल्गेरियनमध्ये ‘जरी’साठी ‘अश्ते इ’ म्हणत. पुढे ग्रीकमधून ‘मकार’ आला. मुळात तो ‘असं झालं तर किती बरं’ अशा इच्छेचा शब्द, पण वापरता वापरता त्याचा ‘जरी’ झाला. कधी झाला, यावर विद्वानांचे अंदाज होते. ईप्सिताला मात्र एका मठातल्या प्रवचनांच्या पोथीत तो त्या अंदाजांच्या कितीतरी आधी सापडला. तिच्या प्रबंधात नवं असं तेवढंच होतं. ते गेलं की चार वर्षं पाण्यात.

तिच्या गाइड प्रोफेसर व्होल्मर मोठ्या लाघवी. फेब्रुवारीत बंदरातल्या फेरीबोटीवर कॉफी पाजून त्यांनी सांगितलं, की आता मला ग्रेटा म्हण, ‘दू’ म्हण. जर्मनीत प्रोफेसरनं अशी अरेतुरेची मुभा देणं म्हणजे घरात घेण्यासारखंच. ईप्सिता हरखून गेली. त्याच आठवड्यात बाईंनी तिची त्या पोथीच्या पानवार नोंदींची यादी नुसती नजरेखालून घालायला मागितली, आणि या वेडीनं आठशे नोंदी तत्परतेनं पाठवून दिल्या.

ऑक्टोबरात एका नियतकालिकात बाईंचा लेख छापून आला. ‘मकार’चा शोध त्यांचा, नाव एकट्या त्यांचं. तळटीपेत ईप्सिताचे आभार होते, टंकनसाहाय्याबद्दल. तिनं ती ओळ तीनदा वाचली. जिला आईच्या जागी मानलं, तिनंच केसानं गळा कापला होता. ती बराच वेळ रडली, मग पुन्हा लेख उघडला आणि तिचं लक्ष पानांच्या आकड्यांकडे गेलं.

त्या पोथीच्या पानांवर आकडे नाहीत, ज्यानं त्यानं मोजायचे. ईप्सितानं यादी करायला घेतली तेव्हा लहानपणापासूनच्या सवयीनं पहिल्या ओळीत ‘श्री’ लिहिलं, आणि पोथीचं पहिलं पान दुसऱ्या ओळीत गेलं. ओळीचा आकडा तोच पानाचा आकडा धरल्यामुळे सगळी यादी एकनं पुढे सरकली. ऑगस्टमध्ये पुन्हा मठात गेल्यावर हे तिच्या ध्यानात आलं. लाजेकाजेस्तव कुणाला न सांगता तिनं आपली यादी दुरुस्त केली. बाईंच्या लेखात मात्र जुनेच आकडे होते, झाडून सगळे.

ती ऑफिसात गेली. बाई शांत होत्या. आपणही मार्चमध्ये मठात जाऊन आलो, एकच गोष्ट दोघींना सापडू शकते, असं त्यांनी समजावलं.

“सत्तेचाळिसाव्या पानावरचा ‘मकार’ मी या डोळ्यांनी पाहिलाय, ईप्सिता.”

ईप्सितानं सत्तेचाळिसाव्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. पान दोन्ही बाजूंनी कोरं होतं, कोपऱ्यात मेणाचा डाग. ‘मकार’ शेहेचाळिसाव्यावर होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. “हे बाहेर काढलंस तर तुझीही चूक बाहेर येईल. आठशे नोंदी चुकवणाऱ्या मुलीवर कोण विश्वास ठेवेल? आणि जानेवारीत तुझ्या प्रबंधावर अभिप्राय मीच लिहिणार आहे.”

खरं होतं ते. गप्प बसली तर पदवी तरी पदरात पडणार होती. ईप्सिता घरी आली, चहा केला, तो तसाच निवत ठेवला आणि नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. सोबत फेब्रुवारीतली मूळ यादी जोडली, चुकांसकट.

‘लेखातले पानांचे सर्व आकडे एकनं कमी करावेत. चूक माझी आहे. आमच्याकडे लिखाणाची सुरुवात ‘श्री’नं करतात. तसं मी यादीच्या पहिल्या ओळीत लिहिलं आणि ती ओळही पान म्हणून मोजली. प्रोफेसर व्होल्मर यांनीही ती मोजली आहे.’