पिकलेल्या सफरचंदाचा वास

काचेच्या बुचाला लोंबणारा एक थेंब, आणि त्यात अख्खी खिडकी उलटी टांगलेली... बघता बघता खिडक्या दोन झाल्या, मग पुन्हा एक. त्याने डोळे चोळले. पाण्याचा आणखी एक जग रिकामा केला, तरी जीभ कुणाकडून तरी उसनी आणल्यासारखी कोरडीच.

या खोलीत फळं कधी येत नाहीत, गोळ्या-चॉकलेटांसाठी त्यांचे वास तेवढे तयार होतात. नाक त्याचं, म्हणून तो मास्तर.

"मास्तर, सफरचंदाची बाटली उघडी राहिलीय तुमची," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "अगदी पिकलेलं."

"आज संत्रं चाललंय, बाई."

"मग नाक माझं म्हातारं झालं म्हणायचं." तरी त्या उठून एकेक बूच दाबून बघू लागल्या.

परवापासून पोटात कण टिकत नव्हता. बायको म्हणाली, "अहो, जेवण नाही तर सुई कशाला? साखर उतरेल उगाच." त्याला ते पटलं — बायकोचं काहीतरी पटलं याचाच केवढा आनंद! जेवण नाही, तर इन्सुलिन नाही; हिशेब चोख. जेवणाआधीचं बंद, रात्रीचंही बंद. आणि पोट दुखतंय ते पोट बिघडल्यामुळेच, दुसरं काय असणार... दम लागतोय तो वयाने...

पण बसल्या जागी? जिना चढून आल्यासारखा एवढा लांब, खोल श्वास?

दवाखान्यातली ती तरुण डॉक्टरीण, नाकावर घसरणारा चष्मा — "काका, आजारी पडलात तर इन्सुलिन बंद नाही करायचं. तुम्ही जेवा, न जेवा, यकृत रक्तात साखर ओततच राहतं. इन्सुलिन नसलं, की साखर दारात उभी आणि आत पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्ल साठतं. माणूस बेशुद्ध पडतो, जातोही. श्वासाला फळांसारखा वास येतो." तो तेव्हा हसला होता. म्हणाला होता, हा तर आमचा धंदाच.

त्याने तळहात तोंडापुढे धरून श्वास सोडला. काही कळलं नाही. सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या जिभेसाठी हुंगलेलं नाक स्वतःच्या बाबतीत ठार बंद.

बाई शेवटच्या फळीपर्यंत पोचल्या होत्या.

"बाई, बाटली राहू द्या. गाडी बोलवा. दवाखान्यात... माझं इन्सुलिन चुकलंय."

त्या वळल्या, जवळ आल्या, वाकल्या आणि थबकल्या. एरवी कुणी आपल्या कामाला नाक लावलं, तर त्याच्या कपाळावर आठी यायची. आज त्याला वाटत होतं, त्यांनी तिथून हलू नये. हुंगत राहावं, चूक सांगत राहावं, खोली अशी दूर दूर जात असतानाही...