बारशाला सांगितलेलं नाव

माझ्या नवऱ्याने, क्वाकूने, कोर्टात तोंड उघडलं नाही म्हणून साऱ्या गावाला त्याचं कोण कौतुक! मला विचाराल तर त्याने तोंड एकदाच उघडलं आणि वाटोळं केलं.

कोकोचा व्यापारी अम्पाडू, त्याच्या गोदामात काटा मारतात, कोकोच्या प्रत्येक पोत्यामागे शेतकऱ्याला लुबाडतात, असं क्वाकूने आपल्या पेपरात छापलं. आतल्या माणसाशिवाय ही बातमी बाहेर येणंच शक्य नव्हतं. अम्पाडूने दावा ठोकला. त्याला भरपाई नको होती, नाव हवं होतं. त्याचा वकील दर तारखेला विचारायचा, "कुणी सांगितलं?" आणि क्वाकू मान खाली घालून गप्प. मी पोटुशी, बाकावर बसून घाम पुसायची. तो तुरुंगात जातो की काय, याच धास्तीत होते. नाव त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

शेवटी न्यायाधीशबाईंनी निकाल दिला. घानाच्या घटनेने वर्तमानपत्रांना स्वातंत्र्य दिलंय, बातमी देणाऱ्याचं नाव सांगायची सक्ती करता येणार नाही. कोर्टाबाहेर बाजारातल्या बायका फेर धरून नाचल्या.

आमच्यात पहिलं नाव जन्मवारावरून पडतं; मुलगी सोमवारी झाली, म्हणजे अद्वोआ हे नाव ती घेऊनच आली. दुसरं नाव बापाने द्यायचं, आठव्या दिवशी पहाटे, चारचौघांत. घरातल्या कुणा भल्या माणसाचं, नाहीतर ज्याचे आपल्यावर फार उपकार आहेत त्याचं. मला वाटलं, सासूबाईंचं देईल.

अंगण भरून गेलं होतं. क्वाकूच्या काकांनी बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवला. "पाणी असेल तर पाणीच म्हण हो, बाई." मग जिनचा थेंब. "दारू असेल तर दारूच म्हण." बाळाने तोंड वाकडं केलं, सगळे हसले. क्वाकूचे डोळे भरून आले होते.

"हिचं नाव सार्पोमा," तो म्हणाला.

"सार्पोमा?" त्याच्या आत्याने विचारलं. "आपल्यात कोण ही? तुझ्या माहेरची का गं, अफिया?"

"नाही हो, आत्या."

"मग कुणाची रे, क्वाकू?"

"आहे एक. पोर तिच्यासारखी धीराची निघू दे."

झालं! गावात सार्पोमा एकच, आणि ती अम्पाडूच्या काट्यावर वजनं करते. अम्पाडूचा मेहुणा पाहुणा म्हणून आला होता. त्याने हातातला पेला न पिताच खाली ठेवला.

मी क्वाकूला आत ओढलं. "अरे मेल्या, काय बोलून बसलास!"

"मान दिला मी तिला. खटला संपला ना? जिंकलो ना आपण?"

"तू जिंकलास! तिला अजून रोज त्याच गोदामात जायचंय!"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

त्याच आठवड्यात सार्पोमाला कामावरून काढलं. माणसं जास्त झाली म्हणे. क्वाकू वकिलाकडे धावला. वकील म्हणाला, "तुला कुणी बोलायला लावलं असतं तर कायदा आडवा आला असता, भाऊ. तू आपणहून बोललास. आता कायदा काय करणार?"

गाव सोडायच्या दिवशी सार्पोमा आमच्याकडे आली. आपलं नाव ठेवलेल्या बाळाला भेट द्यायची रीत असते. तिने साबण आणि पांढरं कापड आणलं होतं. मला तर रडूच कोसळलं.

"क्वाकू कुठाय?"

"मागे. समोर यायला धजत नाही."

तिने बाळाला मांडीवर घेतलं. "कुमासीला बहिणीकडे जाते. तिथे काम मिळेल, न मिळेल. चिडलेय मी, खोटं कशाला बोलू? पण हिला हाक मारताना आवाज चोरू नका हो. आता कुणापासून लपवायचं?"

मी मारते हाक, चांगली मोठ्याने. क्वाकूला जमत नाही. परवा लस टोचायला गेलो, तर नर्सने त्याला विचारलं, "मुलीचं नाव?" हा मान खाली घालून गप्प. कोर्टात उभा राहायचा, अगदी तसा.