घरचा पेशंट

पूर्वीने पुढे काय शिकायचं, हे तिला कुणी विचारलंच नाही. तिचा मोठा भाऊ स्वरूप जन्मला तेव्हा उशिरा रडला, आणि त्याचे हातपाय कायमचे ताठ राहिले. बोलणं अडखळायचं, बुद्धी मात्र लख्ख. पूर्वी शाळेत जायला लागली तशी आई, चंद्रावती, आल्यागेल्याला सांगू लागली, "ही शिकंल नि भावाला बघंल." बारावीनंतर ऑक्युपेशनल थेरपीला नंबर लागला, तेव्हा राई गावातल्या सगळ्या भावकीत पेढे गेले.

वडील लीलाधर मिठागरावर मुकादम होते. नवीन घर बांधताना त्यांनी खाली, रस्त्याच्या कडेला, एक गाळा सोडला. त्यात मोठा आरसा लावला, व्यायामाचं टेबल आणलं, धरून चालायचे दांडे बसवले. पोरगी पास झाली की दवाखाना सुरू, हे ठरलेलंच होतं.

रोज कॉलेजला निघण्याआधी स्वरूपचा व्यायाम. बोटं सरळ करायची, मनगट ताणायचं, पेला धरायला लावायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. एखाद्या दिवशी पूर्वी दमून झोपलीच, तर आई काही बोलायची नाही. नुसती स्वरूपच्या पायांना तेल चोळत बसायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या वर्षाला पूर्वीने घरात न सांगता नाशिकच्या एका मुलांच्या थेरपी केंद्रात नोकरीसाठी विचारलं. ते 'ये' म्हणाले. तिने जेवताना विषय काढला.

लीलाधरांचा हात ताटातच थांबला. "नाशकाला? मग खालचा गाळा?"

"पप्पा, एकच वर्ष. मला लहान मुलांचं काम शिकायचंय."

"हितं पोरं न्हाईत? सगलं भाईंदर पोरांनी भरलंय."

"तसं नाही, मला जरा..."

"मी काय जन्माला पुरणार हाय का गं? माझ्या मागं त्याला उचलंल कोण?"

पप्पांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. स्वरूप तिथेच बसला होता, आई त्याला भात भरवत होती. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. पूर्वीनेही नाही.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या पोस्टिंगला तिला एक पेशंट मिळाले, धर्माजी. पक्षाघाताने उजवा हात गेलेला. त्यांना काय काय शिकवायचं, शर्टाची बटणं, चमच्याने जेवणं, सगळं पूर्वीने नीट मांडलं. तिच्या शिक्षिका, स्वाती मॅडम, ऐकून म्हणाल्या, "छान. पण त्यांना काय करायचंय?"

पूर्वीने वही चाळली. मॅडमनी धर्माजींनाच विचारलं.

"दाढी," ते म्हणाले. "बायको करते नि रोज कापते."

सगळे हसले. पूर्वीही हसली. पण घरी येताना बसमध्ये तिला काहीतरी टोचत राहिलं. पेशंटला आधी काय विचारायचं, हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत तिने ते लिहून मार्क मिळवले होते. आणि घरच्या पेशंटला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वरूपचं मनगट हातात घेतलं आणि सोडून दिलं.

"दादा, तुला काय करायचंय?"

ती थट्टा करतेय असंच त्याला वाटलं. मग त्याचा चेहरा ताणला गेला, शब्द जुळवताना जायचा तसा.

"हे... नको."

"व्यायाम नको?"

"पेशंट... करतेस... मला." तो थांबला, श्वास घेतला. "खाडीवर. एकटा."

"मग जायचं ना! खुर्ची आहे की." एका संस्थेने त्याला बॅटरीची खुर्ची दिली होती. ती तो स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत चालवायचा, छान चालवायचा.

स्वरूपने हनुवटीने दाराकडे दाखवलं. बाहेर जोत्याच्या चार पायऱ्या होत्या. खालच्या गाळ्यालाही पायऱ्याच. त्याच्यासाठी बांधलेला दवाखाना त्याला दाखवायला पप्पांनी त्याला पाठुंगळी नेलं होतं.

पूर्वी दारात जाऊन उभी राहिली. पेशंटच्या घरचे उंबरे, संडासाची दारं मोजायला तिला शिकवलं होतं, आणि या पायऱ्या ती रोज उतरत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तिने लीलाधरांना सगळं सांगितलं. खुर्ची उतरेल असा उतार करू या, म्हणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उतार केला तर ऱ्हाशील?"

तिने स्वरूपकडे बघितलं. तो मान हलवत होता. त्याची मान तशीही हलायची, म्हणून पप्पांना काही कळलं नाही. पूर्वीला कळलं. तो 'नाही' म्हणत होता, जिवाच्या आकांताने म्हणत होता.

"राहीन," ती म्हणाली.

लीलाधरांनी दुसऱ्याच दिवशी मिठागरावरची माणसं आणून पायऱ्या फोडल्या. स्वरूप दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. नाशिकला तिने फोन केला. तिकडच्या बाई चांगल्या होत्या. पुढच्या वर्षी जागा असली तर कळवू, म्हणाल्या.

सिमेंट वाळलं आणि एका संध्याकाळी स्वरूपची खुर्ची पहिल्यांदा रस्त्यावर उतरली. शेजारच्या बाया बघायला जमल्या. आईच्या डोळ्यांना पदर. "मागं जा गं, पडंल तो," ती म्हणाली. पूर्वी थोडं अंतर ठेवून निघाली.

वळणावर स्वरूपने खुर्ची थांबवली. त्याने मोठ्या कष्टाने मान वळवली.

"येऊ... नको."

ती थांबली. खुर्ची खाडीच्या दिशेने गेली, एका बाजूला कललेली, हळूहळू. वारा खारट होता. तो दिसेनासा झाल्यावरही ती तिथेच उभी होती. मागून पप्पांची हाक आली. गाळ्याचा बोर्ड रंगवणारा माणूस आला होता, तिचं पूर्ण नाव कसं लिहायचं ते त्याला विचारायचं होतं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हाका येतच राहिल्या, तेव्हा ती वळली.