डिंपनाचे लाल गाल

रविवारची प्रार्थना आटोपून डिंपना घरी आली. तिने बटाटे सोलले, कोबी चिरला आणि मांस शिजत ठेवलं. दर रविवारी मुलगा डोनल, सून ग्रान्या आणि सहा वर्षांची नात ऑर्ला तिच्याकडे जेवायला येत. त्या दिवशी डोनल एकटाच आला आणि कोटही न काढता चुलीपाशी उभा राहिला.

"आई, उद्यापासून ऑर्लाला शाळेतून आणायला तू जाऊ नकोस," तो म्हणाला.

का, म्हणून तिने विचारलं. शाळेच्या फाटकापाशी बायका बोलतात, ग्रान्यानेही पाहिलंय, असं काहीबाही तो पुटपुटला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "बाबा गेल्यापासून तू एकटी असतेस. थोडी घेत असशील, मी समजू शकतो. पण गाडीत पोर असते गं."

डिंपनाने जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. तिने तसं सांगितलं. डोनलने नुसती मान हलवली. पिणारं माणूस कधी कबूल करतं का? तो न जेवताच गेला.

पाच वर्षांपासून तिचे गाल आणि नाक लाल होते, वर बारीक पुटकुळ्या. पन्नाशीत तारुण्यपिटिका याव्यात याची तिला लाज वाटे. शाळकरी पोरं लावतात ते मलम आणून ती चोरून लावी, खरखरीत फडक्याने तोंड घासून काढी. चेहरा आणखीच पेटे. समुद्रावरचा वारा, कढत चहा, कुणाची रोखलेली नजर, काहीही पुरे होई. आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात पबमधून झोकांड्या खात निघालेला पुरुष दिलदार ठरे; बाईचे गाल लाल दिसले की मात्र चौकशीचीही गरज उरत नसे.

त्या हिवाळ्यात प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात चहाला थांबणं तिने सोडलं. शाळा सुटायच्या वेळी हात आपोआप गाडीच्या किल्लीकडे जात. मग ती रेडिओ लावून बसे आणि बातम्या सांगणाऱ्याशी बोले.

वसंतात डोळे फार चुरचुरू लागले, म्हणून ती दवाखान्यात गेली. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि चेहरा निरखून पाहिला.

"डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं? गरम प्यायलं की गाल भाजतात?"

डिंपनाने मान डोलावली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

या तारुण्यपिटिका नव्हेत, बाई म्हणाल्या. त्यांत काळी-पांढरी तोंडं दिसतात, इथे एकही नाही. इथे लाली आहे आणि कातडीखालच्या बारीक शिरा फुगल्यात. याला रोझेशिया म्हणतात. आपल्याकडच्या गोऱ्या कातडीत घरोघरी सापडतो, दारूला शिवलेलंही नसलं तरी होतो. समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. ते मलम आणि घासणं बंद. डोळ्यांसाठी गोळ्या, चेहऱ्याला औषधी जेल, ढग असले तरी उन्हापासून जपणारं क्रीम, चहा कोमट, आणि चुलीपासून जरा लांब.

"मुलाला मी सांगू का?" बाईंनी विचारलं.

"नको. आईवर विश्वास ठेवायला त्याला डॉक्टर लागू नये."

उन्हाळ्यापर्यंत पुटकुळ्या गेल्या. लाली उतरली, थोडी राहिली. औषधाच्या दुकानातून बातमी गावात पसरली, आणि एका रविवारी ग्रान्याने तिला सभागृहाच्या दारातच गाठलं.

"आम्हाला खरंच वाटलं होतं... मनाला लावून घेऊ नका. ऑर्ला तुमची सारखी आठवण काढते."

"वाटलं होतं तर विचारायचं."

"असं कसं विचारणार?"

"दार वाजवून," डिंपना म्हणाली. "उद्या शाळेपाशी मी असेन, पोरीसाठी."

आत बायकांनी तिच्यासाठी जागा केली, कप पुढे केला, आजाराचीच होती म्हणे लाली, बिचारी, असं एकमेकींना ऐकवलं. डिंपनाने कप घेतला. कोपऱ्यात डीलिया बसली होती. डीलिया खरोखरच पीत असे, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

डिंपना सबंध खोली ओलांडून तिच्यापाशी गेली.

"इथे कुणी आहे का?"

डीलियाने वर पाहिलं. "इथे कुणी बसत नाही."

डिंपनाने खुर्ची जवळ ओढली आणि बसली.