तिरूची सोबत

अनंतराव गुरुजींच्या घरी परदेशातली पोर राहायला येणार, ही बातमी पोर यायच्या आठ दिवस आधीच सगळ्या बोरी गावात झाली होती, आणि ती पसरवायचं काम गुरुजींनी दुसऱ्या कुणावर सोडलं नव्हतं. हेडमास्तर म्हणून रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण सूचना द्यायची सवय काही गेली नव्हती. पारावर, सोसायटीच्या कट्ट्यावर, दाढी करताना न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं बसतील तिथं ते सांगत होते की विद्यापीठानं अख्ख्या तालुक्यात घरं बघितली आणि शेवटी आपलंच पसंत केलं.

पोर इथिओपियाची होती, नाव तिरुनेश. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकत होती. ज्वारीचं बी बायका घरात कसं राखतात, कणीस कसं निवडतात, कशात भरून ठेवतात, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. त्यासाठी चार महिने गावात राहून चाळीस घरांतल्या बायकांशी बोलायचं होतं. गुरुजींच्या बायकोनं, अंबिकाबाईंनी, पहिल्याच दिवशी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, नावाचं तिरू करून टाकलं आणि ही आमची लेकच, असं जाहीर केलं. लेक म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप आलं.

लेकीनं दोन भाकरींवर हात आखडला तर तिसरी न विचारता ताटात पडायची. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून तिरू गच्चीवर गेली की मागोमाग अंबिकाबाई मेथीची जुडी घेऊन निवडायला हजर. पोरीला एकटं वाटू नये म्हणून रात्री तिच्या खोलीत झोपायलासुद्धा त्या तयार होत्या, पण तेवढं तिनं हात जोडून टाळलं. आणि सोबतीशिवाय बाहेर पडायचं नाव काढायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायचा झाला तरी नाही. “आमच्या घरची बाई एकली उंबऱ्याभायेर पडत न्हाई,” गुरुजी मोठ्या अभिमानानं सांगायचे, आणि यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे, हे त्या पोरीला कळायचं नाही.

सोबतीचं काम आलं मंजुषाकडं. मंजुषा ही गुरुजींची सून. परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारी. लग्न होऊन तिला तीन वर्षं झाली होती. नवरा परमेश्वर संभाजीनगरला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. घर मिळालं की घेऊन जातो, हे तो पहिल्या महिन्यापासून म्हणत होता. नवरा गावात नसलेल्या सुनेनं हिंडू नये, असा घरचा दंडक. त्यामुळं तीन वर्षांत मंजुषानं बघितलं ते सकाळचं देऊळ, कुणाकडचं हळदीकुंकू आणि दिवाळीचं माहेर. त्यातही बरोबर सासू. घरात कुणी तिला कधी वाकडं बोललं नव्हतं, आणि त्यामुळं तर तक्रार करायलाही जागा नव्हती. दुपारी भांडी झाली की ती खिडकीशी उभी राहून जिंतूरकडं जाणाऱ्या गाड्या बघायची. जीव गुदमरायचा, पण सांगणार काय आणि कुणाला?

आणि अचानक रोज बाहेर! बोरीतली घरं झाली, मग चारठाणा. तिथल्या जुन्या देवळांच्या सावलीत बसून दोघींनी डबा खाल्ला आणि मंजुषानं डोक्यावरचा पदर केव्हा खाली आला ते बघितलंसुद्धा नाही. येलदरीला गेल्या तेव्हा काम तासाभरात उरकलं आणि उरलेला वेळ धरणाचं पाणी बघत गरम भजी खाण्यात गेला. एसटीत खिडकीची जागा मिळवायला मंजुषा कॉलेजात करायची तशी खिडकीतून रुमाल टाकायला लागली. ती घरी येऊन गाणं गुणगुणत पीठ मळते, हे अंबिकाबाईंच्याही लक्षात आलं. परदेशी पोरीचा पायगुण, असं त्या म्हणाल्या.

तिरूचं काम मात्र काही केल्या पुढं सरकत नव्हतं. अर्ध्या पंचक्रोशीतल्या पुरुषांनी गुरुजींच्या छड्या खाल्लेल्या. त्यांच्या बायका गुरुजींच्या सुनेसमोर काय बोलणार? बी कोण राखतं? मालक. कोण ठरवतं? मालकच. अठरा घरं झाली आणि अठराही घरांत उत्तर एकच. मग एकदा तानुबाईच्या घरी मंजुषा पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात तानुबाईनं तिरूचा हात धरून तिला धान्याच्या कणगीमागं नेलं. तिथं एक लहान मडकं होतं, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. नवऱ्याला न सांगता सासूच्या वेळचं बी ती वर्षानुवर्षं वेगळं राखत होती. तिरूला तोवर कामापुरतं मराठी यायला लागलं होतं. तिला सगळं समजलं. मंजुषा बाहेर आल्याबरोबर तानुबाई गप्प झाली.

त्या संध्याकाळी तिरूनं गुरुजींना नीट समजावून सांगितलं. उरलेल्या एकवीस घरांत मला एकटीनं जायला हवं, दिवसाउजेडी जाईन, फोन करत राहीन. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, लेकीला एकटी सोडली तर गाव आमच्या तोंडात शेण घालेल. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अंबिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आमचं काय चुकलं म्हणून. अशा माणसांशी भांडायचं तरी कसं? पोरगी खोलीत जाऊन रडली. हातात सहा आठवडे उरलेले, प्रबंध असाच गेला तर मायदेशी रिकाम्या हातानं जायचं. शेवटी तिनं विद्यापीठात आपल्या मार्गदर्शक राजेश्री मॅडमना सगळं लिहून कळवलं.

मंजुषाला तिनंच हे सांगितलं, मैत्रीण म्हणून. मंजुषानं मान डोलावली. पण त्या दिवसापासून तिचं पीठ मळतानाचं गाणं बंद झालं. ही एकटी जायला लागली तर आपण कुठं जाणार?

मॅडम चार दिवसांनी आल्या. पोहे झाले, चहा झाला, गुरुजींनी घर दाखवलं. हात धुवायच्या निमित्तानं मॅडम स्वयंपाकघरात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मला खरं सांगा. तिला इथं कुणी अडवतं का? तुमचं नाव कुठं येणार नाही. मी आजच तिची जिंतूरला सोय करते, तिथून ती आपली एकटी फिरेल.”

एवढंच तर सांगायचं होतं. हो, अडवतात. ओट्यावर हात टेकून मंजुषा उभी होती. तिला एसटी दिसली, चारठाण्याचा रस्ता दिसला, आणि मागं उरलेली खिडकी दिसली.

“कुणी अडवत न्हाई मॅडम,” ती म्हणाली. “तिलाच एकटीला भीती वाटते. मुलूख नवा, माणसं नवी. मला सोडून ती कुठं जातच न्हाई.”

हे इतकं सहज तोंडून गेलं की तिचा तिलाच धक्का बसला. मॅडमना हायसं वाटलेलं दिसलं. सुशिक्षित सून सांगते म्हटल्यावर शंका कशाला घ्या? गाडीत बसताना त्यांनी तिरूच्या खांद्यावर थोपटलं, तिचं पुरतं न ऐकताच थोडं जुळवून घे म्हणाल्या, आणि गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाल्या की काळजी चांगली घेता, पोरीला जरा भीती वाटते एवढंच, सूनबाई सांगत होत्या.

गाडी गेली आणि गुरुजी मटकन खाटेवर बसले. “अरे देवा. पोर मनातून भ्यायलीय, अन् आमी तिला उन्हातान्हात गावोगाव हिंडवायलाव,” ते अंबिकाबाईंना म्हणाले. पण माणूस शेवटी हेडमास्तर. तासाभरात त्यांनी तोडगा काढला. तिरूनं आता कुठंच जायचं नाही. बायकाच इथं येतील. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना गेली, बाहेरगावच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन गेले, ओसरीवर सतरंजी पडली.

“मामा, तिला घरात जाऊन कणगी बघावी लागते,” मंजुषा कशीबशी म्हणाली.

“फोटो काढून आणतेत की बायका,” सासरे म्हणाले. “तूबी लय दमलीस, सूनबाई. तुलाबी आराम.”

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता बारा बायका आल्या. डोक्यावर पदर, नजर खाली. समोर आरामखुर्चीत गुरुजी, शेजारी वही घेऊन तिरू. बी कोण राखतं? मालक. कोण ठरवतं? मालकच. तानुबाईही आली होती. तिनंही तेच सांगितलं आणि तिरूकडं बघितलं नाही. मंजुषा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा गुरुजी कौतुकानं सांगत होते, “पोर एकलीला लय भेती. तिनं तोंडातून चकार शबुद काढला न्हाई. सूनबाईनं मॅडमला सांगितलं म्हणून आमाला समजलं.”

तिरूचं पेन थांबलं. तिनं मान वर केली आणि मंजुषाकडं बघितलं. मंजुषानं ट्रे पहिल्या बाईपुढं धरला.

बायका गेल्यावर तिरू स्वयंपाकघरात आली. मंजुषानं वळून बघितलं नाही, नळ सोडून ती कप विसळत राहिली.

“तू सांगितलं? मला भीती?” तिरूनं मराठीतच विचारलं.

खोटं बोलायला आता जागाही नव्हती आणि बळही नव्हतं. “हो,” मंजुषा म्हणाली. “तू गेलीस की मला कुणी बाहेर सोडणार नव्हतं.”

मंजुषा शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिरूनं पुढं होऊन नळ बंद केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मंजुषाला सोसवेना.

“माझे इथं पाच आठवडे उरले,” तिरू म्हणाली. शब्द जुळवायला ती क्षणभर थांबली. “तुझे किती?”

ओसरीवरून गुरुजींचा आवाज आला की दुपारच्या बायका यायला लागल्यात, सूनबाई, चहा ठेव. तिरू वही उचलून बाहेर गेली. मंजुषानं मोठं पातेलं घेतलं आणि त्यात पाणी भरायला लागली.