पंपात काय भरलं होतं

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. शेवगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर, लोखंडी कपाटात मला कुलूप लावून ठेवले आहे. कपाट इतके बुटके आहे की माझा दांडासुद्धा वर होत नाही. मित्रांनो, मी मोडलेलो नाही आणि मला चोरून नेईल असाही कोणी नाही. तरी मला कोंडले आहे, आणि कोंडणाऱ्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. का, ते सांगतो.

माझी पिवळी टाकी एका कारखान्यात ओतली गेली. मग कितीतरी महिने मी दुकानाच्या आढ्याला टांगलेला होतो. एके दिवशी रंगनाथ नावाचे शेतकरी आले. त्यांनी माझा दांडा चार वेळा हलवला, नळीच्या तोंडाशी तळहात धरून जोर पाहिला आणि मला पाठीवर टाकूनच मोटारसायकलवर बसले. मला फार आनंद झाला.

पहिली काही वर्षे मी त्यांच्या कपाशीत राबलो. एका वर्षी आजूबाजूच्या रानातली बोंडे अळीने पोखरली, आमची मात्र शाबूत राहिली. "ह्या पिवळ्यानं तारलं," असे रंगनाथ चारचौघांत म्हणाले. माझी तारीफ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

पुढे माझ्या झाकणातले रबर झिजले. औषध थेंबाथेंबाने त्यांच्या पाठीवर पाझरू लागले. मला ते कळत होते, पण सांगता येत नव्हते. एका दुपारी ते कपाशीतच कोसळले. चार दिवस नगरच्या दवाखान्यात काढून घरी आले, तेव्हा त्यांची बायको छबूबाई म्हणाली, "नुसत्या पाठीवर सांडलं तर ही गत. मग भाजीत किती उतरत आसंल?"

"औषध न्हाई मारलं तर अळी सगळं खाईल," रंगनाथ म्हणाले. "मंग आपुन काय खायचं?"

मला दोघांचेही पटत होते. छबूबाईने वाद वाढवला नाही. तिने विहिरीजवळचे एक एकर मागून घेतले आणि गावातल्या बायकांच्या सेंद्रिय गटात नाव घातले. गटाचा नियम कडक होता. सलग तीन वर्षे रानात विषाचा थेंब पडता कामा नये, तरच भाजीला सेंद्रिय म्हणून दाखला मिळणार. तिने शेणखत घातले, निंबोळ्या कुटून अर्क केला आणि त्यासाठी छोटा वेगळा पंप घेतला. पहिल्या वर्षी वांगी किडीने खाल्ली. रंगनाथ हसले. दुसऱ्या वर्षी भाजी चांगली आली, तेव्हा त्यांचे हसणे थांबले.

तिसऱ्या वर्षी तिचा टोमॅटो फुलावर आला आणि पांढरी माशी दिसू लागली. अर्क तयार होता, आणि नेमका त्याच सकाळी तिच्या पंपाचा दांडा तुटला. रंगनाथ पाहुण्यांकडे नगरला गेले होते. मी खुंटीला होतो. तिने मला खाली काढले, तीन वेळा खळखळून धुतले आणि टाकी नाकाशी धरून वास घेतला. वास आला नाही.

पण आठवड्यापूर्वी रंगनाथांनी माझ्यात तणनाशक भरले होते. बांधावरचे गवत जाळायला. ते माझ्या नळीत आणि रबरात मुरलेले होते. मी अडकलो होतो, मित्रांनो. दांडा तिच्या हातात होता, पट्टे तिच्या खांद्यावर होते. ती प्रेमाने एकेक झाड भिजवत गेली आणि मी माझ्याच नळीतून तिची तीन वर्षे वाहून जाताना पाहत राहिलो.

पाच दिवसांनी शेंडे पिळवटले. पाने दोरीसारखी बारीक झाली.

"बोकड्या पडला," छबूबाई म्हणाली. पानांच्या त्या रोगाला आमच्याकडे हेच नाव आहे. "माजा अर्क कमी पडला. तुमचंच खरं हुतं."

रंगनाथ टोमॅटोत गेले. सुरुवातीच्या सऱ्या पार वाकड्या झाल्या होत्या. पुढे पुढे झाडे बरी दिसत होती आणि शेवटच्या सऱ्या तर हिरव्यागार होत्या. रोग असा रांगेने ओसरत येत नाही, पंपात उरलेले विष मात्र असेच ओसरत जाते, हे त्यांना ठाऊक होते. ते परत आले, तिच्या छोट्या पंपाचा तुटलेला दांडा पाहिला आणि माझ्याकडे वळले. मग माझी नळी हुंगली आणि निघून गेले. इतक्या वर्षांचा वाद ते आयताच जिंकत होते. आता खरे काय ते आम्हा दोघांनाच, मला आणि रंगनाथांना, माहीत होते. मला बोलता येत नव्हते, आणि ते बोलत नव्हते. ते दोन दिवस मला फार जड गेले.

तिसऱ्या दिवशी गटाच्या सुरेखाताई वही घेऊन रान पाहायला आल्या. छबूबाई म्हणाली, "ताई, माजं नाव काढून टाका. मला न्हाई जमलं हे."

"थांबा," रंगनाथ म्हणाले. त्यांनी मला खुंटीवरून काढून दोघींच्या मध्ये ठेवले. "तिचा अर्क चांगला हुता. ह्यात मी तणनाशक भरलं हुतं. धुतलं बी न्हाई, आन सांगितलं बी न्हाई. परवाच कळलं मला. गप बसलो."

छबूबाईने त्यांच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

सुरेखाताई हळूच म्हणाल्या, "काकू, हे लिवलं तर तुमची वर्षं परत पहिल्यापासून धरावी लागतील. मी आयकलंच न्हाई, आसं धरू का?"

छबूबाई वाकड्या शेंड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लिवा. खाणाऱ्याला काय ठावं हाय? त्यो माज्या तोंडावर इस्वास ठिवून खाणार."

सुरेखाताईंनी लिहून घेतले.

पुढचे चार दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. रंगनाथांनी सगळा टोमॅटो स्वतः उपटला. मग माझ्या टाकीवर लाल रंगाने 'तणनाशक' असे लिहिले आणि मला या कपाटात ठेवून किल्ली छबूबाईच्या हातात दिली.

"कपाशी मी औषधावरच करणार, पंप दुसरा घिऊन," ते म्हणाले.

"करा," ती म्हणाली. "पण तोंडाला फडकं बांधा."

आता बांधावरच्या गवतासाठी वर्षातून दोनदा कुलूप निघते. बाकीचे दिवस अंधार, आणि माझाच उग्र वास. फटीतून तिच्या पंपाचा आवाज येतो. तिचे पहिले वर्ष पुन्हा सुरू झाले आहे.

मित्रांनो, कोणती शेती बरी, हे तुमच्या घरची मोठी माणसे ठरवतील. माझे मागणे एवढेच आहे. विषाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर ठळक नाव लिहा, त्याचे रबर वेळेवर बदला. आणि चुकून काही झालेच तर गप्प बसू नका. आमच्यात काय भरले होते, हे आम्हाला सांगता येत नाही. ज्याने भरले त्यानेच ते सांगायचे असते.